वाहनतळाची पावती आणि नागरिकाचा हक्क

दुचाकी उभी करण्याचे दहा-वीस रुपये हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेने पुण्याच्या श्रोत्याला मोठमोठ्या विषयांची सवय लावून ठेवली आहे; त्या मानाने हा विषय फारच किरकोळ. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु ज्या गोष्टीवरून शहरात रोज, दर दाराशी, दर संध्याकाळी कुरबुर होते आणि जिच्यासंबंधी भांडणाऱ्या दोघांपैकी एकालाही कायदा नेमका काय म्हणतो ते ठाऊक नसते, तिचा एकदा शांतपणे विचार करणे अगदीच वाया जाणार नाही.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. गृहस्थ मॉलमधल्या मोठ्या किराणा दुकानात साबण, तेल आणि दोन किलो तांदूळ घ्यायला जातात. तळघराच्या तोंडाशी आडवा दांडा. यंत्रातून चिठ्ठी निघते, दांडा वर जातो, गाडी आत जाते. वीस मिनिटांत खरेदी आटोपून गृहस्थ बाहेर येतात तो खिडकीतला मुलगा म्हणतो, "काका, वीस रुपये." काका म्हणतात, "अरे, मी इथलाच गिऱ्हाईक आहे, हे बघ बिल." मुलगा म्हणतो, "बिलाचं आम्हांला काही नाही, आमचं कंत्राट वेगळं." मागे चार गाड्या भोंगे वाजवू लागतात. काका वीस रुपये देतात, घरी जाऊन ही हकीकत सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस रुपये देतात.

यात मुलाची काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो कंत्राटदाराकडे रोजावर आहे. त्याच्याशी हुज्जत घालून मिळण्यासारखे काही नसते, आणि पुणेकरांची ख्याती कशी का असेना, दहा तास तळघरात धूर खात उभ्या राहिलेल्या पोराला कायदा शिकविणे शोभतही नाही. प्रश्न त्याच्या मालकाला विचारायचा आहे, मालकाच्या मालकाला विचारायचा आहे, आणि महानगरपालिकेलाही विचारायचा आहे. तो प्रश्न असा: ही जागा तुम्ही कोणत्या परवानगीने ठेवली, आणि त्या परवानगीत पैसे घेण्याचा अधिकार कोठे बसतो?

जुन्या मंडळींना नाट्यगृहाबाहेरचा आणि चित्रपटगृहाबाहेरचा सायकलस्टँड आठवत असेल. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा पत्र्याचा बिल्ला हँडलला अडकवायचा, जोडीचा बिल्ला खिशात टाकायचा आणि जाताना नाणे द्यायचे, हा व्यवहार सर्वांच्या अंगवळणी पडला होता. त्यावरून कोणी भांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग आजच एवढी चीड का? पैसे वाढले हे एक कारण झाले. पण खरे कारण निराळे आहे. सायकलस्टँडवाला आपली सायकल सांभाळण्याचे पैसे घेई. आजच्या मॉलमधली जागा ही मालकाने आपल्या औदार्याने दिलेली सोय नाही. ती ठेवली नसती तर त्याला इमारतच बांधता आली नसती.

ही गोष्ट थोडी फोडून सांगितली पाहिजे, कारण सगळ्या वादाची मेख येथेच आहे. शहरात कोणालाही आपल्या मालकीच्या जमिनीवर वाटेल तेवढे बांधता येत नाही. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण ठरलेले असते. त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. बांधकामाचे नकाशे महानगरपालिकेकडून मंजूर करून घ्यावे लागतात, आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज ती वापरता येत नाही. मंजुरीच्या वेळी नियमावलीतले एक कोष्टक लावले जाते. दुकानाला इतक्या चौरस मीटरमागे इतक्या मोटारी आणि इतक्या दुचाकी, नाट्यगृहाला इतक्या आसनांमागे इतक्या, इस्पितळाला इतक्या खाटांमागे इतक्या, असा हिशेब त्यात असतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि बहुतेक शहरांना एकच कोष्टक लागू झाले. त्यापूर्वी पुण्याची नियमावली स्वतंत्र होती. दोन्हींतले तत्त्व मात्र एकच. मोठे दुकान काढायचे तर येणाऱ्यांच्या गाड्यांची सोय आपल्या आवारातच करा, त्या रस्त्यावर येऊ देऊ नका.

त्याच्या मोबदल्यात मालकाला काय मिळते? वाहनतळासाठी ठेवलेली ही जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही. म्हणजे तळघराचे दोन मजले गाड्यांसाठी खणले तरी वरचे दुकानांचे मजले त्यामुळे कमी होत नाहीत. समाजाने मालकाला दिलेली ही सवलत लहान नव्हे. पुण्यात जागेचा भाव काय आहे हे ज्याने एखादी खोली घेण्याचा विचार केला असेल त्याला सांगायला नको. जी जागा "वाहनतळ" म्हणून हिशेबातून वगळून घेतली, तीच पुढे स्वतंत्र उत्पन्नाचे साधन करावयाची, म्हणजे एकाच जागेवर दोनदा कमाई झाली, असा ग्राहकाच्या बाजूचा मुद्दा आहे.

आता मालकाची बाजू. ती ऐकल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे, आणि ती अगदीच पोकळही नाही. तो म्हणतो, जागा माझी, वीज माझी, पहारेकरी माझे, पाणी उपसण्याचा पंप माझा. कोष्टक फक्त "जागा ठेवा" म्हणते. "फुकट ठेवा" असे म्हणत नाही. शिवाय जागा फुकट ठेवली तर ती गिऱ्हाइकाला मिळतच नाही. शेजारच्या कचेरीतले लोक सकाळी नऊला गाड्या लावतात आणि संध्याकाळी सहाला काढतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाल्यावर स्थानकाजवळच्या मॉलला ही भीती अधिकच वाटू लागली असणार. हे म्हणणे खरे आहे. कोष्टकाचा विषय "जागा किती" हा आहे, "पैसे किती" हा नव्हे. आणि नियम जेथे बोलत नाही तेथेच दोन्ही बाजूंच्या वकिलांना बोलायला जागा सापडते.

पुणे महानगरपालिकेने या बाबतीत एकदा आपले मत स्पष्ट सांगितले होते. जून २०१९ मध्ये शहर सुधारणा समितीने मॉल आणि मल्टिप्लेक्स यांनी येणाऱ्यांकडून वाहनतळाचे शुल्क घेऊ नये असे ठरविले, आणि बांधकाम विभागाने त्याप्रमाणे मालकांना नोटिसा दिल्या. आधार अर्थात वर सांगितलेलाच: ही जागा बांधकाम नियमावलीप्रमाणे सक्तीने ठेवावयाची आहे, तिचा व्यापार करता येणार नाही. वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले, लोकांना आनंद झाला. परंतु समितीचा ठराव आणि विभागाची नोटीस यांचे बळ किती, हे दाराशी जाऊन पाहिले म्हणजे समजते. ज्या खात्याने नोटीस द्यावयाची त्यानेच ती पाळली जाते की नाही हे पाहावयाचे असते, आणि ते पाहणे पहिल्या पंधरवड्यानंतर सहसा होत नाही. दोष एकट्या पुण्याचा नाही. परंतु नोटीस काढून विसरणे ही कला आपल्याकडे बरीच विकसित झालेली आहे खरी.

शेजारच्या राज्यात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अहमदाबादेत पोलिसांनी मॉलच्या मालकांना शुल्क घेणे बंद करा म्हणून नोटिसा दिल्या. मालक गुजरात उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांनी २०१८ मध्ये मधला मार्ग सुचविला: पहिला तास फुकट, पुढे माफक शुल्क. हेही मालकांना पुरेसे वाटले नाही आणि प्रकरण अपिलात गेले. जुलै २०१९ मध्ये खंडपीठाने ही सवलतसुद्धा काढून घेतली. नियमावलीप्रमाणे वाहनतळ पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्याबद्दल येणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा अधिकार नियमांत कोठेही दिलेला नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. अधिक मागायला गेले आणि हातचे गमावून बसले.

एवढ्यावरून प्रश्न देशभर मिटला असे मात्र समजू नये. केरळमध्ये कोचीजवळच्या एका प्रचंड मॉलविरुद्ध अशीच तक्रार गेली. २०२२ च्या जानेवारीत तेथील उच्च न्यायालयाने, असे शुल्क घेण्याचा अधिकार प्रथमदर्शनी दिसत नाही, असे म्हटले होते. पण २०२५ मध्ये निकाल मॉलच्या बाजूने लागला. तेथे स्थानिक नगरपालिकेने शुल्क घेण्यासाठी मॉलला परवाना दिलेला होता, ही बाब महत्त्वाची ठरली. दोन राज्ये, दोन नियमावल्या, दोन निकाल. गुजरातचा निकाल दाखवून पुण्यातला दांडा आपोआप वर जाणार नाही, आणि केरळचा निकाल दाखविणाऱ्या मालकाला "तुमचा परवाना कोठे आहे?" असे आपण खुशाल विचारू शकतो.

या सगळ्यांत शहाणपणाची तोड तेलंगणने काढली असे आमचे मत आहे. तेथील सरकारने मार्च २०१८ मध्ये आदेश काढला आणि १ एप्रिलपासून तो लागू केला. पहिली तीस मिनिटे कोणाकडूनही काही घ्यायचे नाही. अर्ध्या तासापासून एका तासापर्यंत थांबणाऱ्याने त्या इमारतीतल्या कोणत्याही खरेदीचे बिल दाखविले की त्यालाही माफ. तासाच्या वर थांबला आणि त्याची खरेदी शुल्काच्या रकमेपेक्षा जास्त असली तरीही माफ. बाकीच्यांनी मात्र पैसे द्यावेत. यात गिऱ्हाइकाला त्रास नाही, आणि दिवसभर गाडी टाकून जाणाऱ्यालाही आळा बसतो. म्हणजे मालकाची खरी अडचण दूर झाली आणि खोटी उघडी पडली. महाराष्ट्रात असा राज्यव्यापी आदेश निघाला तर निम्म्या कुरबुरी संपतील.

आम्ही फुकटेपणाची तरफदारी करतो आहोत असा कोणी समज करून घेईल, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. वाहनतळ कधीही खरोखर फुकट नसतो. तळघर खणायला, बांधायला आणि झाडायला जो खर्च येतो तो कोणीतरी देतच असते. मालकाने दाराशी घेतला नाही तर तो दुकानांच्या भाड्यात जातो, भाड्यातून साबणाच्या आणि तांदळाच्या किमतीत जातो, आणि बसने येणारी किंवा पायी चालत येणारी बाईसुद्धा तो भरते. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ साली या एकाच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, तो याचसाठी. तेव्हा गाडीवाल्याने आपणावर अन्याय होतो म्हणून फार मोठा गळा काढू नये. सार्वजनिक रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा वाद पुण्यात मार्च २०१८ मध्ये महानगरपालिकेने वाहनतळ धोरण मंजूर केले तेव्हा जोरात झाला, आणि त्या वेळी विरोध करणाऱ्यांत आपणच पुष्कळ होतो. रस्ता सर्वांचा, त्याचा तुकडा तासन् तास अडवून ठेवणाऱ्याने काही द्यावे, हे आम्हांस रास्त वाटते. तो पैसा महानगरपालिकेच्या तिजोरीत जातो, त्याचा दर सभागृहात ठरतो, आणि त्याचा हिशेब मागता येतो. मॉलच्या तळघरातला दर कोणी ठरविला? तो रविवारी वाढतो, दिवाळीत पुन्हा वाढतो. कोणत्या सभेत? आमचा आक्षेप आहे तो येथे. वीस रुपये जड नाहीत; ते कोणाच्या अधिकाराने घेतले हे कोणी सांगत नाही, ही गोष्ट जड आहे.

याच धाग्याचे दुसरे टोक आपल्या घराच्या जिन्याखाली सापडते. मुंबईत दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीखाली खांबांवर मोकळी ठेवलेली गाड्यांची जागा होती. बांधकाम करणाऱ्या कंपनीचे म्हणणे, ही जागा आम्ही स्वतंत्रपणे विकू शकतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे अशी जागा म्हणजे सदनिका नव्हे. ती सर्व रहिवाशांच्या सामाईक सोयीचा भाग आहे, आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल मॉलला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण मॉलमध्ये येणारा गिऱ्हाईक काही त्या इमारतीतला भागीदार नसतो. परंतु नियमाने सक्तीची केलेली जागा ही विक्रीचा निराळा माल नव्हे, हा विचार त्यातून उचलण्यासारखा आहे.

आता चिठ्ठीकडे वळू. पुष्कळांनी ती कधी वाचलेलीच नसते. तीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: "वाहन मालकाच्या जबाबदारीवर. चोरी अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. चिठ्ठी हरविल्यास दोनशे रुपये दंड." पैसे घ्यायचे आणि जबाबदारी घ्यायची नाही, अशी ही सोयीची व्यवस्था. ती कितपत टिकते?

येथे आपल्या मदतीला येतो तो १८७२ चा करार कायदा. म्हणजे व्याख्यानमालेपेक्षा तीन वर्षांनी वडील. दुसऱ्याने सांभाळण्यासाठी दिलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढ्या काळजीने सांभाळली पाहिजे, असे त्याचे १५१ वे कलम सांगते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने आपली मोटार किल्लीसह हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली. रात्री परत येऊन पाहतो तो गाडी दुसराच कोणी घेऊन गेलेला. हॉटेलने चिठ्ठीवरचे "मालकाच्या जबाबदारीवर" हे शब्द पुढे केले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गाडी ताब्यात घेतल्यावर आपल्या हयगयीची जबाबदारी केवळ अशा छापील शब्दांनी झटकता येणार नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. किल्ली दिली असेल तर गाडी त्यांच्या ताब्यात गेली, हे सिद्ध करणे सोपे. आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली असेल तर मालक म्हणू शकतो, मी फक्त जागा वापरू दिली, गाडी माझ्याकडे सोपविली नव्हती. त्यावर आपले उत्तर असे की चिठ्ठीवाचून गाडी बाहेर सोडायची नाही ही व्यवस्था तुमचीच, मग राखण कोणाची?

विलायतेत याहून जुना आणि मोठा मासलेवाईक दाखला आहे. १९६४ साली ट्रम्पेट वाजविणारे थॉर्नटन नावाचे एक गृहस्थ लंडनच्या एका स्वयंचलित वाहनतळात गाडी घेऊन गेले. यंत्राने चिठ्ठी दिली, ती त्यांनी खिशात टाकली. परत येताना तेथे अपघात होऊन ते जबर जखमी झाले. चालक कंपनी म्हणाली, चिठ्ठीवर "अटींना अधीन" असे लिहिले आहे आणि अटी आत भिंतीवर लावलेल्या आहेत. १९७० मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने विचारले, यंत्रासमोर गाडी उभी करून चिठ्ठी हाती आली त्या क्षणी करार पुरा झाला. नंतर भिंतीवर वाचायला मिळणाऱ्या अटी त्याला कशा बांधतील? यंत्राशी वाद घालता येत नाही आणि यंत्र चिठ्ठी परत घेत नाही. आपल्याकडेही दांड्यापूर्वी, स्पष्ट अक्षरांत, दराचा फलक आहे की नाही, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. पुण्यात तो पुष्कळदा उतारावर, गाडी मागे घेता येणार नाही अशा ठिकाणी असतो.

त्याच विलायतेत फलक स्पष्ट असला तर काय होते, तेही सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत आणि त्यांच्या दारात अशी पत्रे पडतात. तेथे मोठ्या किराणा दुकानांबाहेर दोन तास गाडी फुकट लावू देतात. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. वेळ उलटली की खाजगी कंपनीचे, सरकारी दंडाच्या नोटिशीसारखे दिसणारे पत्र घरी येते. चेम्सफर्ड येथे एक गृहस्थ ५६ मिनिटे जास्त थांबले म्हणून ८५ पौंड मागितले गेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हरले. फलक मोठे व स्पष्ट होते, जागा अडवून ठेवू नये असा कंपनीचा रास्त हेतू होता, रक्कम अवाच्या सवा नव्हती, असे न्यायालयाचे मत पडले. तेव्हा खाजगी कंपनीचे पत्र कचऱ्यात टाकावे, हा तिकडच्या शेजाऱ्यांचा सल्ला जपून घ्यावा. आधी कंपनीकडे आणि मग स्वतंत्र अपील मंडळाकडे दाद मागण्याची तेथे सोय आहे, ती मुदतीत वापरावी.

आपल्याकडच्या दोनशे रुपयांच्या "दंडा"बद्दल थोडे. दंड करण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्यालाच असतो. वाहतूक पोलिसाला आहे, मॉलच्या व्यवस्थापकाला नाही. त्याने चिठ्ठीवर दंड हा शब्द छापला तरी कायद्याच्या नजरेने ती करारभंगाची ठरीव भरपाई होय, आणि करार कायद्याचे ७४ वे कलम म्हणते की छापलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळावयाची ती वाजवी भरपाईच. चिठ्ठी हरवली, पण गाडीचे नोंदणीपत्र आणि स्वतःचे ओळखपत्र दाखवून मालकी पटविली, तर त्यांचे दोनशे रुपयांचे नुकसान कोणते झाले हे त्यांनी सांगावे. पैसे दिले नाहीत म्हणून गाडी अडवून ठेवणे, हेही तितके सोपे नाही. शिंप्याला शिलाई मिळेपर्यंत कपडा ठेवून घेता येतो, घड्याळजीला घड्याळ ठेवून घेता येते. १७० वे कलम हा हक्क देते तो त्या वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च करणाऱ्याला. गाडी नुसती उभी होती. तीवर कसब कोणते चालले? अर्थात म्हणून कोणी दांडा मोडून बाहेर पडू नये. तसे केले की चांगली बाजू हातची जाते.

मग करावे काय? आमचा सल्ला असा की दाराशी पैसे द्यावेत, परंतु पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. पावतीवर वसूल करणाऱ्याचे नाव, वेळ, रक्कम आणि वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. पावती नाही म्हटले की अर्धी लढाई तेथेच जिंकली असे समजा, कारण बिनपावतीची वसुली हा निराळाच प्रश्न होतो. दराच्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. खरेदीचे बिल पावतीला टाचून ठेवावे. पैसे आपण राजीखुशीने देत नाही, हरकत राखून देत आहोत, एवढे व्यवस्थापकाला त्याच दिवशी लेखी कळवावे. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत, असे करार कायद्याचे ७२ वे कलम आहे. "तुम्ही मुकाट्याने दिलेत" असे उत्तर नंतर मिळू नये म्हणून ही खबरदारी.

यानंतरची पायरी बहुतेक जण वगळतात, आणि तीच सर्वांत उपयोगाची. मॉल खाजगी असला तरी त्याचा मंजूर नकाशा महानगरपालिकेच्या दप्तरात असतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये फी भरून अर्ज करावा आणि त्या इमारतीच्या मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागावी. त्यात किती गाड्यांची जागा दाखविली आहे, आणि शुल्क आकारण्यास परवानगी दिली असल्यास तिची प्रत, हेही मागावे. तीस दिवसांत उत्तर यावयास पाहिजे. न आल्यास त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते. कधीकधी असे निघते की नकाशातली वाहनतळाची जागा प्रत्यक्षात गोदाम झालेली असते. मग प्रश्न वीस रुपयांचा राहतच नाही. मंजुरीविरुद्ध जागेचा वापर झाल्यास महानगरपालिकेला १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नोटीस देऊन कारवाई करता येते.

ग्राहक म्हणूनही दाद मागता येते. पुण्याला याचा अभिमान असावा, कारण बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच शहरात सुरू केली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये झाला. आज २०१९ चा कायदा लागू आहे. त्यात एक गमतीची गोष्ट आहे. निव्वळ फुकट दिलेली सेवा या कायद्यात येत नाही. म्हणजे ज्या क्षणी मालक वाहनतळाचे पैसे घेतो त्या क्षणी तो आपण होऊन या कायद्याच्या कक्षेत शिरतो. गाडीला ओरखडा पडला, हेल्मेट गेले, पेट्रोल काढले, तर "सेवेतील त्रुटी" म्हणून त्याला जाब विचारता येतो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही, वकील लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत केव्हाही जाता येते. मात्र वीस रुपयांसाठी एकट्याने आयोगाच्या फेऱ्या मारणे जिकिरीचे आहे, हे आम्ही लपवीत नाही. सोसायटीतल्या किंवा आळीतल्या दहा-पंधरा जणांनी आपापल्या पावत्या गोळा करून एकत्र जावे. कायद्यात तशी सोय आहे.

व्यवस्थापकाला लिहावयाच्या पत्राचा मसुदा कित्येक जण मागतात, तो देतो. "आपल्या इमारतीत अमुक तारखेस खरेदीसाठी आलो असता वाहनतळाचे अमुक रुपये घेण्यात आले. पावतीची व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. सदर वाहनतळ हा मंजूर नकाशातील सक्तीचा वाहनतळ असल्याचे आम्ही समजतो. शुल्क आकारण्यास महानगरपालिकेने परवानगी दिली असल्यास तिचा क्रमांक व दिनांक पंधरा दिवसांत कळवावा. नसल्यास रक्कम परत करावी. ही रक्कम हरकत राखून दिली आहे." एवढे पुरे. "पिळवणूक", "लूट", "दरोडा" हे शब्द त्यात घालू नयेत, मन कितीही झाले तरी. पत्राची एक प्रत महानगरपालिकेच्या बांधकाम विभागाला द्यावी, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व तारीख मारून घ्यावी. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला आहे असे सांगितले, तर तेथेच बाकावर बसून राहावे, तो येतो.